शिरोलीचे पैसे, पोर्तुगालचं खातं आणि मधले पोलीस

एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. शिरोली एमआयडीसीत त्याच्या काकांची फाउंड्री आहे. तैवानच्या एका कंपनीकडून वापरलेलं सीएनसी मशीन घ्यायचं ठरलं आणि सगळी बोलणी ई-मेलवर झाली. शेवटच्या हप्त्याच्या वेळी मेल आला की आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, पैसे या दुसऱ्या खात्यावर पाठवा. काकांनी पोर्तुगालमधल्या त्या खात्यावर 41,500 युरो पाठवले, म्हणजे सुमारे 42 लाख रुपये. पाचव्या दिवशी तैवानहून फोन आला की पैसे मिळालेच नाहीत. पोलीस ठाण्यात गेले तर "परदेशातलं आम्ही काय करणार?" असं उत्तर मिळालं. त्याने शेवटी विचारलंय, "आपले अधिकारी परदेशी प्रशिक्षणाला जातात, देशादेशांत करार होतात असं पेपरात वाचतो. कोल्हापूरच्या माणसाला त्याचा नेमका काय उपयोग?"

मी पोलीस खात्यात 31 वर्षं होते. त्यातली शेवटची अकरा वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या ठिकाणी सायबर तपासात गेली. आता निवृत्त आहे आणि बोलावलं की अंमलदारांना शिकवायला जाते. तुम्हाला जे उत्तर मिळालं ते मीही माझ्या सुरुवातीच्या वर्षांत लोकांना दिलेलं आहे, म्हणून ते किती चुकीचं आहे हे मला नीट माहीत आहे.

आधी तुमच्या पैशाचं बोलू, कारण तिथे एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पण तेवढ्यावर थांबू नका. 1930 ची यंत्रणा देशातल्या बँकांमध्ये फिरणारा पैसा अडवायला उभी केलेली आहे आणि ते काम ती चांगलं करते. तुमचा पैसा स्विफ्टवरून, म्हणजे देशोदेशीच्या बँकांच्या संदेशजाळ्यावरून, देशाबाहेर गेला आहे. त्यासाठी काकांच्या बँकेच्या फॉरेक्स, म्हणजे परकीय चलन विभागात स्वतः जाऊन लेखी अर्ज द्या: हा व्यवहार फसवणुकीचा आहे, स्विफ्टवरून रक्कम परत मागवा आणि लाभार्थी बँकेला फसवणुकीचा संदेश पाठवा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्या. शाखेतला माणूस "एफआयआर आणा, मग बघू" म्हणाला तर तुमच्याच ग्राहकाच्या अर्जावर परतीचा संदेश पाठवायला कशाची अडचण आहे ते लेखी द्या म्हणून सांगा. बहुतेक वेळा तिथे गाडी हलते. एफआयआरची प्रत मात्र पुढे लागतेच. आयातीचा आगाऊ पैसा गेला आणि माल आला नाही की बँकेच्या नोंदीत तो व्यवहार उघडाच राहतो, आणि वर्षभराने काकांनाच खुलासे देत बसावं लागतं.

आता उशीर झाला, असं समजून बसू नका. 2024 च्या जुलैमध्ये सिंगापूरच्या एका कंपनीला पुरवठादाराच्या नावाने असाच मेल आला होता. पत्त्याच्या स्पेलिंगमध्ये किंचित फरक होता. 19 तारखेला कंपनीने 4 कोटी 23 लाख डॉलर तिमोर-लेस्ते या छोट्या देशातल्या बँकेत पाठवले आणि तक्रार केली 23 तारखेला, म्हणजे मध्ये चार दिवस गेले होते. सिंगापूर पोलिसांनी इंटरपोलच्या आय-ग्रिप या मार्गाने मागणी केली आणि 25 तारखेला 3 कोटी 90 लाख डॉलर त्या खात्यात सापडले, तिथेच अडवले गेले. पुढच्या तपासात आणखी 20 लाख डॉलरच्या वर मिळाले. आय-ग्रिप म्हणजे सदस्य देशांच्या पोलिसांनी एकमेकांना "हे खाते आत्ता थांबवा" असं सांगायची सोय. ती 2022 मध्ये सुरू झाली. इंटरपोलमध्ये 196 देश आहेत, त्यात आपणही आहोत आणि पोर्तुगालही. आपल्याकडून अशी मागणी सीबीआयमार्फत जाते, कारण भारतासाठी इंटरपोलचं राष्ट्रीय कार्यालय सीबीआय आहे.

मग कोल्हापूरच्या ठाण्यातून सीबीआयपर्यंत कागद जायचा कसा? पूर्वी त्याला फार वेळ लागायचा. पत्र, ई-मेल, फॅक्स, राज्याच्या समन्वय अधिकाऱ्याचं टेबल, तिथून दिल्ली. 7 जानेवारी 2025 ला भारतपोल हे पोर्टल सुरू झालं आणि राज्यांच्या पोलिसांची मागणी सीबीआयकडे थेट जाण्याची वाट झाली. मात्र ही वाट आहे हे ठाण्यातल्या माणसाला माहीत हवं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. करार झाला, पोर्टल झालं, पण तुमच्यासमोर बसलेल्या ठाणे अंमलदाराला ते कुणी शिकवलेलंच नसेल तर तो प्रामाणिकपणे "आम्ही काय करणार" असंच म्हणणार.

परदेशी सहकार्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठी मोठी कार्यालयं येतात. माझ्या अनुभवात ते सहकार्य बहुतेक वेळा पहिल्या दिवशीच्या जबाबात जिंकलं किंवा हरलं जातं. एक उदाहरण सांगते, त्यात चूक माझी होती.

सायबरमध्ये येऊन मला वर्षही झालं नव्हतं. एका मुलीच्या नावाने खोटं प्रोफाइल काढून तिला त्रास देणाऱ्याचा तपास होता. परदेशी कंपनीकडून लॉग, म्हणजे कोण कधी कुठून आत आलं याची नोंद, आला. त्यात आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, होता आणि वेळ 19:42 अशी होती. मी ती वेळ आपली धरली आणि आपल्याकडच्या इंटरनेट कंपनीला विचारलं की त्या दिवशी संध्याकाळी 7 वाजून 42 मिनिटांनी हा पत्ता कुणाकडे होता. त्यांनी नाव दिलं. आम्ही गडहिंग्लज भागातल्या एका शिक्षकाच्या दारात जाऊन उभे राहिलो. शेजारीपाजारी बघत होते, त्यांची आई दारातच मटकन बसली. तो लॉग युटीसी, म्हणजे जगभर प्रमाण धरल्या जाणाऱ्या वेळेतला होता. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे खरी वेळ दुसऱ्या दिवशी पहाटेची 1 वाजून 12 मिनिटं. त्या वेळी तोच पत्ता भलत्याच माणसाकडे होता. मी नंतर त्या शिक्षकांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, एक शब्द बोलले नाहीत. ती शांतता मला अजून आठवते.

या चुकीचं मूळ मला पुढे सिंगापूरमध्ये नीट कळलं. इंटरपोलचं एक केंद्र तिथे 2015 पासून आहे, सायबर गुन्ह्यांचं बरंच काम तिथून चालतं. तिथल्या एका प्रशिक्षणाला जायची संधी मला मिळाली. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याने आम्हा सगळ्यांच्या हातात एक लॉग ठेवला. त्यावर टाइम झोन लिहिलेला नव्हता. त्याने विचारलं, ही घटना कोणत्या वारी घडली? वेगवेगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांनी दोन वेगळे वार सांगितले आणि आपापल्या घड्याळाने सगळेच बरोबर होते. मग त्याने दुसरी गोष्ट विचारली: पोर्ट नंबर कुठे आहे? मोबाइल कंपन्या आता एकच आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात आणि त्यांच्या जोडण्या पोर्ट नंबरावरून वेगळ्या ओळखतात. नुसत्या पत्त्यावरून माणूस सापडत नाही. पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ, टाइम झोन आणि हा पोर्ट नंबर (सोर्स पोर्ट), या चारही गोष्टी असतील तरच सापडतो. त्या दिवशी मी वहीत एवढंच लिहिलं आणि त्यानंतर माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक मागणीपत्रात या चार गोष्टींचा रकाना होता. मला विचाराल तर त्या दोन आठवड्यांच्या खर्चाची भरपाई त्या एका रकान्याने केली.

तिथे दुसरी गोष्ट मिळाली ती माणसं. माझ्या शेजारी फिलिपिन्सची एक तपास अधिकारी बसायची. दोन वर्षांनी सांगली भागातल्या एका प्रकरणात पैशाचा माग मनिलापर्यंत गेला, तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, अधिकृत मागणी येऊ दे, तोवर मी काही देऊ शकत नाही. पण माहिती जपून ठेवण्याचं पत्र आजच पाठव, ते कोणत्या विभागाकडे जायला हवं ते मी सांगते. लोकांना वाटतं अशा ओळखीतून गुपचूप कागद मिळतात. मिळत नाहीत, आणि मिळू नयेत. तसा कागद आपल्याच न्यायालयात टिकत नाही. ओळखीतून बरोबर दरवाजा कळतो. चुकीच्या दरवाजात पडलेलं पत्र सहा महिन्यांनी "आमच्याकडे येत नाही" अशा शेऱ्यासह परत येतं आणि तोवर लॉग पुसले गेलेले असतात.

हे नीट समजण्यासाठी पैशाचा, माहितीचा आणि पुराव्याचा रस्ता वेगवेगळा आहे हे ध्यानात घ्या. पैसा बँकेकडून बँकेकडे अडवता येतो, त्याचा हिशेब तासांचा असतो. माहिती पोलिसांकडून पोलिसांकडे येते, तिचा हिशेब दिवसांचा आणि आठवड्यांचा. न्यायालयात चालेल असा पुरावा मात्र न्यायालयाच्या विनंतीपत्राने किंवा दोन देशांमधल्या परस्पर कायदेशीर साहाय्य कराराने येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 166-अ खाली जे विनंतीपत्र जायचं ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 खाली जातं. केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती लागते, त्या देशाच्या भाषेत भाषांतर लागतं, आपला गुन्हा त्यांच्याही कायद्यात गुन्हा आहे हे दाखवावं लागतं. याला महिने लागतात, कधी वर्षंही. म्हणून हुशार तपासी अंमलदार हे तिन्ही रस्ते एकाच दिवशी धरतो. एकाचं उत्तर आलं की दुसऱ्याकडे बघू, असं करणाऱ्याच्या हाती शेवटी काही राहत नाही.

मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या बाबतीत एक बारकावा आहे, तो तुमच्या प्रकरणातही लागेल. भामट्याने जो मेल पत्ता वापरला तो कुणी, कुठून, कोणत्या फोन नंबरावर उघडला आणि कुठून लॉगिन केलं, एवढी माहिती या कंपन्या आपल्या पोलिसांच्या रीतसर नोटिशीवर त्यांच्या पोलिसांसाठीच्या पोर्टलवरून देतात. मेलच्या आतला मजकूर हवा असेल तर करारातूनच जावं लागतं, कारण त्यांच्या कायद्याने त्यासाठी तिथल्या न्यायाधीशाचं वॉरंट लागतं. पण तो मजकूर तोवर जपून ठेवा, असं पत्र पहिल्याच दिवशी पाठवता येतं. अमेरिकेत अशी माहिती 90 दिवस राखली जाते आणि मुदत आणखी 90 दिवसांनी वाढवून मिळते. मी पाहिलेल्या कितीतरी फायलींमध्ये विनंतीपत्र सुंदर होतं, सह्या होत्या, शिक्के होते, आणि जपून ठेवण्याचं हे एक पानी पत्र पाठवायचं मात्र राहून गेलं होतं.

कोल्हापूरकरांना हे सगळं लांबचं वाटत असेल तर कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवा. 11 ऑगस्ट 2018 चा शनिवार होता. पुण्यात मुख्यालय असलेल्या या बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरून, बनावट कार्डांनी, काही तासांत 28 देशांमधल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतातूनही अडीच कोटींच्या आसपास निघाले आणि त्यातले लाखो रुपये आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्टवरून सुमारे 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यावर गेले. एकूण 94 कोटींच्या वरचा हा दरोडा होता. भारतात पैसे काढणाऱ्यांपैकी 11 जणांना 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा दिली. हाँगकाँगमध्ये अडकलेल्या पैशातले काही कोटी प्रयत्नांनी परत आले. आणि अमेरिकेच्या न्याय विभागाने 2021 मध्ये उत्तर कोरियाच्या तीन हॅकरांवर जे आरोपपत्र उघड केलं, त्या टोळीचा पैसा फिरवणाऱ्या एका कॅनडियन-अमेरिकन माणसाने भारतीय बँकेवरच्या 2018 च्या या दरोड्यातला आपला हातही कबूल केला. म्हणजे एटीएमसमोर टोपी घालून उभा असलेला पोरगा आणि प्याँगयांगमधला संगणकतज्ज्ञ एकाच साखळीतले. आपल्याकडच्या पोलिसांना साखळीचं एक टोक सापडलं, अमेरिकेला दुसरं. दोन्ही टोकांचे कागद एकमेकांना जुळावेत यासाठीच प्रशिक्षण लागतं. दोन्हीकडच्या तपासाने वेळ सारखी लिहावी, हार्ड डिस्कची प्रत काढताना हॅश व्हॅल्यू (मजकुरात जराही बदल झाला तर बदलणारा त्याचा संगणकी ठसा) नोंदवावी, मुद्देमाल कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला ते लिहून ठेवावं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आता प्रमाणपत्रावर हॅश लिहावीच लागते. आमच्या काळात ती नोंद तपासी अंमलदाराच्या मर्जीवर असायची.

आता एक गोष्ट जड मनाने लिहिते, कारण आपण फक्त घेणारे नाही. युरोपातल्या एका निवृत्त बाईंचे आयुष्यभराचे पैसे फसवून कुणीतरी आपल्या भागातल्या एका तरुणाच्या खात्यावर आणले होते. त्याने महिन्याला पाच-दहा हजारांच्या लोभाने खातं भाड्याने दिलं होतं. तिथल्या पोलिसांचं पत्र वरून खाली येत येत एका ठाण्यात पोचलं आणि तिथे ते चार महिने गठ्ठ्यात पडून राहिलं. का, तर इंग्रजीत होतं, बंदोबस्त होता, आणि फिर्यादी समोर येऊन रडत नव्हती. ते पत्र माझ्याकडे आलं तेव्हा खात्यात 312 रुपये होते. त्या बाई तिकडे अशाच वाट पाहत असतील, जसे आज तुमचे काका बसलेत. अमेरिकेच्या म्हाताऱ्यांना फोन करून लुटणारी कॉल सेंटरं आपल्या देशातही निघाली आहेत. सीबीआयने 2022 पासून ऑपरेशन चक्र या नावाने इंटरपोल आणि एफबीआयच्या माहितीवर अशा ठिकाणी छापे घातले. लिस्बनचा पोलीस तुमचा कागद आज उचलेल का, याचं उत्तर आपण त्यांचे कागद किती दिवसांत उचलतो यावरही अवलंबून असतं. म्हणून खातं भाड्याने देणाऱ्या मुलाला "बिचारा, फसला" म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्याला समज द्यायची ती खातं देण्याच्या आधी, कॉलेजात जाऊन. दिल्यानंतर गुन्हा दाखल व्हायलाच हवा.

आणि पलीकडच्या टोकाला बसून फोन करणाराही कधी कधी आपलाच कुणीतरी असतो, तोही डांबून ठेवलेला. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून मुलांना नेतात, नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावड्डी भागात पोचवतात, पासपोर्ट काढून घेतात आणि फसवणुकीचे मेसेज पाठवायला बसवतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2023 मध्ये म्यानमारमध्ये किमान 1 लाख 20 हजार आणि कंबोडियात सुमारे 1 लाख लोक असे अडकल्याचा अंदाज दिला होता. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत 549 भारतीयांना थायलंडच्या माय सोतमधून परत आणलं. अशा मुलाचा जबाब घेणाऱ्या अंमलदाराला तो आरोपी आहे की बळी हे ओळखता आलं पाहिजे. तो जिथे बसायचा तिथल्या खोल्या, शिफ्ट, म्होरक्यांची टोपणनावं, कोणत्या ॲपवर हुकूम यायचे, हे सगळं विचारायला शिकवावं लागतं. तो जबाब तीन देशांच्या तपासाला उपयोगी पडतो. परतलेल्या मुलाचा अर्ध्या पानाचा जबाब घेऊन त्याला घरी पाठवणं म्हणजे हाती आलेला पुरावा टाकून देणं आहे.

करारांविषयी विचारलंत म्हणून थोडं त्यावर. सायबर गुन्ह्यांवरचा पहिला मोठा करार 23 नोव्हेंबर 2001 ला बुडापेस्टमध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि 1 जुलै 2004 ला लागू झाला. भारत त्यात नाही. आपण तो घडवताना तिथे नव्हतो, शिवाय दुसऱ्या देशाच्या तपास यंत्रणेला आपल्याकडची माहिती थेट मिळण्याबद्दल आपली हरकत राहिली. ती हरकत मला समजते, पण तपास करताना त्या कराराच्या देशांमधलं चोवीस तासांचं संपर्क जाळं पाहून हेवा वाटायचा हेही खरं. जी-7 देशांच्या तशाच जाळ्यात आपल्याकडून सीबीआय आहे, तेवढा आधार होता. आता संयुक्त राष्ट्रांचा वेगळा करार झाला आहे. 24 डिसेंबर 2024 ला महासभेने तो स्वीकारला, 25 ऑक्टोबर 2025 ला व्हिएतनाममधल्या हनोईत सह्यांसाठी खुला झाला. 40 देशांनी तो आपापल्या संसदेकडून किंवा सरकारकडून पक्का केला की त्यानंतर 90 दिवसांनी लागू होईल. ज्यांची कमाल शिक्षा चार वर्षं किंवा त्याहून अधिक आहे अशा गंभीर गुन्ह्यांत इलेक्ट्रॉनिक पुरावा एकमेकांना देण्याची तरतूद त्यात आहे. पत्रकार आणि विरोधक यांच्यावर त्याचा गैरवापर होईल अशी भीती मानवाधिकार संस्थांनी बोलून दाखवली आहे आणि मला ती भीती रास्त वाटते. ज्या मागणीपत्रावर गुन्ह्याची वस्तुस्थिती नीट लिहिलेली नसेल ते परत पाठवण्याची हिंमत आणि अक्कल पोलिसांत हवी, ती कागद घेणाऱ्यात हवी तशी देणाऱ्यातही.

प्रशिक्षणाचं खरं दुखणं वेगळंच आहे. वर सोयी नाहीत असं नाही. सीबीआयची गाझियाबादची अकादमी 2023 पासून इंटरपोलच्या जागतिक अकादमी जाळ्यात आहे. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ परदेशी अधिकाऱ्यांनाही शिकवतं. केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राचं सायट्रेन पोर्टल आहे, त्यावर कॉन्स्टेबलसुद्धा घरी बसून अभ्यासक्रम करू शकतो. पण मी ज्या महिला कॉन्स्टेबलला दीड वर्ष लॉग वाचायला शिकवलं, जी माझ्यापेक्षा वेगाने मेलचं हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, उलगडायची, तिची सर्वसाधारण बदलीत वाहतूक शाखेत रवानगी झाली. वाहतूक शाखेचं काम कमी महत्त्वाचं नाही. पण तिच्या जागी आलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं आणि त्या सहा महिन्यांत आलेल्या फिर्यादींचं जे नुकसान झालं ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 मुळे त्या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्याला करता येतो. जिल्ह्यात निरीक्षक किती आणि गुन्हे किती, हे तुम्हीच बघा. माझं म्हणणं स्पष्ट आहे: परदेशी प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला किमान पाच वर्षं त्याच कामावर ठेवावं आणि परतल्यावर महिन्याभरात आपल्या परिक्षेत्रातल्या दहा जणांना तेच मराठीत शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकावी. मराठीत, हे मुद्दाम लिहिलं. हातात इंग्रजी स्लाइडचा गठ्ठा आणि समोर रात्रपाळी करून आलेला हवालदार, असं प्रशिक्षण मी पुष्कळ पाहिलंय.

आणि प्रशिक्षण फक्त पोलिसांनाच कशाला? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांतून कास्टिंग परदेशी जातात, मशिनं येतात. या प्रत्येक कारखान्यात पैसे पाठवण्याचं बटण एका अकाउंटंटच्या हातात असतं. त्या माणसाला अर्धा तास शिकवलं तर माझ्या अकरा वर्षांतली निम्मी प्रकरणं घडलीच नसती. खातं बदलल्याचा मेल आला की त्या मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. आधीपासून आपल्या वहीत असलेल्या नंबरवर करायचा आणि ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकायचा. तैवानची कंपनी आणि खातं पोर्तुगालचं, तर बँकेतल्या माणसानेही क्षणभर थांबायला हवं होतं. मेल पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचा, कारण इंग्रजीत आर आणि एन शेजारी ठेवले की एम दिसतो. काकांच्या मेल खात्यात कुणी गुपचूप फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवलाय का हेही आजच बघा. भामटा बहुधा आठवडे तुमचं बोलणं वाचत बसलेला असतो, म्हणूनच नेमका हप्त्याच्या दिवशी त्याचा मेल येतो. तसा नियम सापडला तर लगेच काढू नका. आधी त्याचे फोटो घ्या, तपासी अंमलदाराला दाखवा, मग काढा आणि पासवर्ड बदला.

आता ठाण्यात परत जाल तेव्हा काय न्यायचं ते सांगते. भामट्याचे मेल फॉरवर्ड करून पाठवू नका, फॉरवर्ड केल्यावर मूळ हेडर नाहीसं होतं. ते मेल मूळ स्वरूपात फाइल म्हणून उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या आणि ज्या संगणकावर ते आले तो फॉरमॅट करू नका. बँकेच्या स्विफ्ट संदेशाची प्रत, त्यावरचा व्यवहार क्रमांक, लाभार्थीचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते) क्रमांक, बँकेला दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत, 1930 चा तक्रार क्रमांक. तैवानच्या कंपनीकडून एक पत्र मागवा की हे खातं आमचं नाही. तेही फसलेच आहेत, ते देतील. घटनाक्रम एका पानावर लिहा आणि प्रत्येक वेळेपुढे भारतीय वेळ असं लिहा. हे घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. तिथेही काही झालं नाही तर न्यायालयाचा रस्ता आहे, आणि उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून त्याचं सर्किट बेंच इथे कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच बसतं.

तपासी अंमलदाराला नम्रपणे चार गोष्टी विचारा: बँकेला आणि मेल कंपनीला माहिती जपून ठेवण्याचं पत्र गेलं का, भारतपोलवरून मागणी गेली का, आय-ग्रिपचा उल्लेख त्यात आहे का, आणि पोर्तुगालसाठीच्या विनंतीपत्राचा प्रस्ताव कोण तयार करतंय. त्यांना राग येईल असं समजू नका. मला असं विचारणारे फिर्यादी भेटायचे तेव्हा मी त्यांना खुर्ची द्यायचे आणि फाइल उघडायचे.

उद्या सकाळी बँक उघडायच्या आधी दारात उभे राहा. काकांना सोबत न्या, अर्जावर सही त्यांचीच लागेल.